मूळ गाव

रेशनकार्डावर तिचं मूळ गाव मुळेगाव होतं.
हापिसातल्या तोळनूरकर कारकुनानं
मान वर न करता विचारलं, मूळ गाव?
ती म्हणाली, मोलोच्ना.
परत सांगा.
मोलोच्ना.
त्यानं टाक झटकला आणि लिहिलं, मुळेगाव, जिल्हा सोलापूर.
माझा बाप लसमय्या सोबत होता, ओळख पटवायला.
तो सांगायचा, आगव्वा तेव्हा हसली,
पालमूर सुटल्यापासून पहिल्यांदा.

खरं नाव आगानेता रेम्पेल.
आमच्या बोळात ते कुणाच्या जिभेवर ठरेना,
म्हणून मागचं कापून आम्ही अव्वा सांधली,
तुटलेला धागा सांधतात तशी.
तेलुगू आमच्यासारखंच बोलायची, शिव्यांसकट.
मराठी बाजारापुरतं.
आणि झोपेत तिसरंच काही,
ज्यातला ख घशातून बाहेर यायला वेळ लावायचा.

मी तिच्या हातावर जन्मले, त्रेपन्न साली.
सूत कापायची कात्री तिनं आधी उकळून घेतली होती.

कांड्या भरताना सांगायची.
तिची माणसं शपथ घेत नसत, शस्त्र धरत नसत.
देवाचं पाणी डोक्यावर घ्यायची ती कळत्या वयात,
स्वतःच्या तोंडानं हो म्हणून.
मग एका हिवाळ्यात घोडेस्वार आले
आणि थोरल्या याकोबनं बंदूक उचलली.
बापानं त्याचं ताट वेगळं केलं.
आठ दिवसांनी ताटं मांडायचीच राहिली नाहीत,
ना त्याचं, ना बापाचं.
पुढचं विचारलं की रहाट भरभर फिरायचा.

आईनं पाव दोनदा भाजले, दगडासारखे होईतो,
उशीच्या खोळीत भरले.
ते चघळत दोघी किती वर्षं कुठं कुठं,
शेवटी रात्रीची गोठलेली नदी ओलांडून हारबिन.
खोळ रिकामी झाली त्या आधीच आई संपली.
मग जहाज, मग पालमूरचा मिशन दवाखाना,
सतरा वर्षं बाळंतपणं.
मग अठ्ठेचाळीसची धामधूम, रात्री पेटलेल्या गंज्या,
आणि ती पुन्हा निघाली,
आमच्याच बैलगाडीत, मागाच्या सुट्या लाकडांवर बसून.
अक्कलकोटाच्या अलीकडं कुणी कडक भाकरी दिली.
तिनं ती आधी बोटानं वाजवून पाहिली,
दार वाजवावं तशी.
माझी आजी म्हणायची, ही बाई भाकरी बघून का रडते,
पीठ चांगलं आहे की.

पासष्ट साली गिरणीत फौजेच्या कांबळ्यांचं काम आलं.
किनारी शिवायला बोळाबोळात वाटलं.
आगव्वानं सुई खाली ठेवली.
बाप तडकला, तोफ शिवायला सांगतोय का मी तुला?
तीन दिवस ती चुलीकडं तोंड करून बसली.
चौथ्या दिवशी पहिल्या भोंग्याला
आली, गठ्ठा ओढला, शिवू लागली.
का, ते मला अजून कळलेलं नाही.
टाके मात्र नेहमीपेक्षा बारीक होते.

त्याच उन्हाळ्यात की पुढच्या, मला म्हणाली,
चल, माझं गाव बघून येऊ.
टांगा केला. मुळेगाव.
कुणाच्या तरी बांधावर उभी राहिली.
काळं रान, नजर जाईल तिथवर सपाट,
ज्वारी निघालेली, नुसती धसकटं.
ढेकूळ उचललं, फोडलं, नाकाशी नेलं.
रंग बरोबर आहे, म्हणाली.
नदी कुठाय?
नदी नाही अव्वा इथं.
आमच्या नदीच्या नावात दूध होतं, म्हणाली,
जशी काही चूक माझीच.

शेतवाली आली, कोण पाहिजे विचारलं.
कुणी नाही, आगव्वा म्हणाली.
ऊन कडक होतं. तिनं तांब्याभर ताक आणलं.
आगव्वा एका दमात प्याली,
मग तांब्या तिरका धरून
आत बराच वेळ बघत राहिली.
टांगेवाला रस्त्यावरून ओरडत होता,
थांबायचे वेगळे पडतील, बाई.